बिबट्या सरकारचं खोटं मरण

गणपती गेले की आठव्या दिवशी मौलाचाचा जिना चढून यायचे, खुर्चीत बसायचे आणि दुष्ट व्हायचे.

अडतीस वर्षं हा नेम चालला होता. मंगळवार पेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत उत्तरेची खिडकी उघडायची, खिडकीपाशी लाकडी खुर्ची ठेवायची, आणि खुर्चीत बसून चाचांनी डावी भुवई वर चढवायची. समोर पेन्सिल घेऊन कृष्णात पेंटर. पेंटर दर दिवाळीला 'वावटळ' नावाची चित्रकथा काढायचे. तिच्यात बिबट्या सरकार नावाचा टोळीचा म्होरक्या होता. सोनं पळवणारा, धरण उडवायला निघणारा, माणसं उचलून नेणारा. त्या सरकारचा चेहरा म्हणजे मौला जमादार. गंगावेशीत दूध कट्ट्यावर आपल्या म्हशी घेऊन उभा राहणारा, जन्मात कुणावर आवाज न चढवलेला पैलवान.

पेंटरांचा एकच कायदा होता. समोर माणूस बसल्याशिवाय कागदावर रेघ नाही. नायक वावटळ मुखवटा घालायचा, त्यामुळं त्याच्यासाठी कुणी समोर बसायची गरज पडली नाही, आणि तो अडतीस वर्षं पंचविशीतच राहिला. सरकार मात्र म्हातारा होत गेला. एका दिवाळीला कानशिलं पिकली, एका दिवाळीला दोन दात गेले, मग मान जरा पुढं झुकली. वाचक पत्रं लिहायचे. सरकारचं पोट सुटलंय, त्याला तालमीत धाडा. राधानगरीच्या एका बाईंनी तर लिहिलं होतं, सरकार जिना उतरताना गुडघा धरतो, त्याला एरंडेल चोळा म्हणावं.

पेंटर जाऊन सहा वर्षं झाली. पेन्सिल त्यांच्या लेकीच्या हातात आली, निशिगंधाच्या. शाळेत चित्रकला शिकवून उरेल त्या वेळात ती 'वावटळ' काढायची. आणि तिच्या हाती आल्यापासून सरकारला नवीनच खूळ लागलं होतं. सोनं नको, धरण नको. त्याला आयुष्य पाहिजे होतं. एका अंकात त्यानं हृदयाचा मोठा डॉक्टर पळवला. एका अंकात बर्फाच्या कारखान्यात स्वतःला सहा महिने गोठवून घेतलं आणि नुसती सर्दी घेऊन बाहेर आला. गेल्या अंकात दाजीपूरच्या जंगलात अमर करणारी मुळी शोधताना गव्यांच्या कळपात सापडला. लोकांना ते फार आवडलं. निशिगंधाला वाटायचं, ही कल्पना आपल्याला कथेसाठी सुचली. दरवर्षी चाचा जिन्यात थोडे जास्त वेळ थांबतात, हे तिच्या कानांनी आधीच टिपलं होतं.

यंदा चाचा सातव्या पायरीवर थांबले. पाचव्या पायरीवरही थांबले होते. खोलीत येऊन खुर्चीत बसले तेव्हा ओठ निळसर दिसत होते. निशिगंधानं पाणी दिलं. ते त्यांनी घोट घोट करून संपवलं, पेला खाली ठेवला, आणि भुवई चढवायचा प्रयत्न केला. भुवई चढली नाही.

"ऱ्हाऊ दे आज चाचा."

"न्हाय, न्हाय. काढ की. पर आधी एक सांगतो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, यंदा मला मार."

"काय?"

"मार म्हणतोय. सरकारला. यंदाच्या अंकात."

निशिगंधाला आधी हसू आलं. मग त्यांचं तोंड बघून ते निम्म्यातच थांबलं.

"माझ्या काळजाची एक झडप गेलीया," चाचा म्हणाले. म्हैस आटली म्हणून सांगावं तशा सुरात. "दसरा झाला की सोमवारी छाती फोडून नवी बसवत्यात. डाक्टर म्हणला, वय बगता फिफ्टी-फिफ्टी. म्हणलं, फिफ्टी म्हंजे निम्मा का? तर व्हय म्हणला. म्हणलं बरं हाय, निम्मा तरी हाय."

"मग मी तुम्हाला मारू कशाला?"

"अगं, आयुष्य वाढायला!"

हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. निशिगंधालाही ते ठाऊक होतं. पण चाचांना ते नुसतं ठाऊक नव्हतं, त्यांच्या अंगावरून गेलं होतं. अठ्ठावीस वर्षांचे असताना हातकणंगल्याच्या मैदानात ते मानेवर पडले आणि बेशुद्ध झाले. कुणीतरी सायकल मारत कोल्हापूर गाठलं आणि सांगितलं, मौला संपला. घरी रडारड झाली, आईनं कफनाचं कापड आणलं, तालमीतले पोरगे भिंतीला डोकी टेकून बसले. सांजच्याला मौला एसटीतून उतरले, मान वाकडी करून दारात उभे.

"अम्मीनं आधी किंकाळी मारली, मग तोंडात साखर घातली, मग धपाटा घातला. आन् त्या कफनाच्या कापडाची मला बंडी शिवली. म्हणली, मौतचं कापड घालून फिर, मौत वळखायची न्हाय तुला. चार वर्सं वापरली मी ती बंडी. आज पंचाहत्तरीला आलो." चाचांनी श्वास घेतला. "त्यावेळचं वाढलेलं आता सरत आलं बग. पुन्यांदा बातमी उठाय पायजे. आता मी आपणहून उठवली तर ती चालत न्हाय, ती लबाडी झाली. पर पुस्तकात सरकार खरंच मेला, आन् लोकांनी हळहळून म्हणलं, आरं सरकार गेला, तर त्यात माझी लबाडी कुठली? निम्मी पेठ मला सरकारच म्हणतीया."

"नाही," निशिगंधा म्हणाली.

"का?"

ती खिडकीकडं वळली. "मी तुम्हाला चित्रातसुद्धा मारणार नाही. दादांनी काय केलं होतं ते विसरलात?"

चाचा विसरले नव्हते. तिच्या दादांनी, पेंटरांनी, शेवटच्या अंकात वावटळीच्या गुरूला मारलं होतं, आणि त्या गुरूला आरशात बघून स्वतःचाच चेहरा दिला होता. नदीकाठी वाळूवर निजलेला म्हातारा, छातीवर हात, वर आभाळ. अंक दिवाळीला निघाला आणि शिमग्याला पेंटर गेले. निशिगंधा सगळ्यांना सांगायची, पोटाचा आजार होता. मनात मात्र दुसरंच धरून होती. जे पान काढलं, तेच पान माणसाला घेऊन गेलं. सहा वर्षांत तिनं एकही मरण काढलं नव्हतं. तिच्या कथेत गुंडसुद्धा नुसते बेशुद्ध पडायचे.

"तुम्ही म्हणता आयुष्य वाढतं," ती म्हणाली. "मी बघितलंय, चार महिन्यांत माणूस गेला."

चाचांनी मांडीवरची टोपी घातली. कठडा धरून जिना उतरून गेले. त्या दिवशी कागद कोराच राहिला. असं अडतीस वर्षांत पहिल्यांदा झालं.

तीन दिवस निशिगंधानं वाट बघितली. चौथ्या दिवशी सकाळीच उठून ती गंगावेशीत गेली. कट्ट्यावर म्हशी रांगेनं उभ्या होत्या. माणसं पेले घेऊन थांबली होती आणि कासेतनं थेट पेल्यात धार पडत होती, फेस काठावर येत होता. चाचा दगडावर बसून होते. धार दुसराच कुणी काढत होता. चाचांचा हात नुसता म्हशीच्या पाठीवर.

त्यांच्या बायको, फातिमाचाची, बाजूला पेले विसळत होत्या. निशिगंधाला बघून म्हणाल्या, "ये गं. तूच समजाव यांना. तीन रोज झाले, नीट जेवत न्हाईत. सरकार मरत न्हाय म्हणून सुतक धरल्यागत बसल्यात."

"फातिमा, तू गप," चाचा म्हणाले. मग निशिगंधाला, "बस हितं. दूध पी आधी."

ती दूध प्याली. ओठांवरचा फेस पुसला. चाचा म्हशीच्या पाठीवरनं हात न काढता बोलले.

"तुझ्या बापाला, किस्नातला, डाक्टरकडं कोण घेऊन गेलतं, म्हाईत हाय तुला?"

"तपासायला? एकटेच गेले होते ना."

"मी गेलतो संगं. गणपतीच्या आधी. डाक्टरनं त्याला भायेर बसवलं आन् मला आत बोलवलं, भाऊ समजून. म्हणला, पोटात सगळं पसरलंय. ह्यो माणूस दसरा काय बगत न्हाय." चाचांचा आवाज तसाच शांत होता. "भायेर आलो तर किस्नात म्हणला, सरकार, तुमच्या तोंडावर लिवलंय. मी काय बोलणार? रिक्षात बसल्यावर म्हणला, पोरीला सांगू नगंस. तिची नोकरीची परीक्षा हाय. मग रंकाळ्यावर जाऊन बसलो दोघं. तवा मी त्याला ह्यो कफनाच्या बंडीचा किस्सा सांगितला. त्याला म्हाईतच हुता, तरी पुन्हा सांगितला. म्हणलं, तुझ्या हातात पेन्सिल हाय. तू सोताला मार. बातमी उठू दे."

निशिगंधाच्या हातातला रिकामा पेला तसाच राहिला.

"म्हंजे ते पान..."

"मी काढाय लावलं. आठ दिवसांत काढलं त्यानं. आन् दसरा बगितला. दिवाळी बगितली. तुझी परीक्षा झाली, तुझ्या नोकरीचा कागद आला, पेढे वाटले त्यानं कट्ट्यावर. संक्रांतीला माझ्यासंगं ऊस खाल्ला. शिमग्याला गेला." चाचांनी बोटं मोजली नाहीत, ती त्यांना पाठ होती. "तू दिवाळीपासनं मोजतीस, पोरी. चार म्हैने आन् गेला. मी दसऱ्यापासनं मोजतो. पाच म्हैने जास्तीचे."

म्हशीनं शेपटी हलवली. कुणीतरी पेला पुढं केला, धार वाजायला लागली. निशिगंधा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? सहा वर्षं?"

"त्यानं नगं म्हणलंतं. आन् मला वाटलं, तुला म्हाईत असंल. बापाच्या तोंडावरचं पोरीला वाचता येतंय."

"येत नाही हो चाचा," ती म्हणाली. "आपलं माणूस असलं की काही वाचता येत नाही."

फातिमाचाचींनी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि विसळला.

रविवारी निशिगंधानं निरोप धाडला आणि चाचा पुन्हा जिना चढून आले. या वेळी चाचीही बरोबर होत्या, पिशवीत कोथिंबिरीची पेंडी आणि निवडायचे पावटे घेऊन. सरकारनं मरायचं कसं, याच्यावर आधी बराच वाद झाला.

"गोळी नगं," चाचा म्हणाले. "दवाखान्यात तर अजिबात नगं. तिथं मी हायच पुढल्या म्हैन्यात."

"वावटळीच्या हातून?"

"हॅट! अडतीस वर्सांत त्या मुखवट्याला जमलं न्हाय, आता कसलं जमतंय?"

"मग?"

चाचांनी विचार केला. "मुळी घावती त्याला. दाजीपुरात. ती अमर करणारी. हातात घेतो. पर चढून चढून दमलेला असतोय गडी. म्हणतो, जरा पडतो, मग खातो. झाडाखाली निजतो. आन् तेवढ्यात येती एक रानम्हैस, आन् मुळी खाऊन टाकती."

चाचींच्या हातातला पावटा थांबला. "अगंबाई. मग म्हैस अमर?"

"व्हय तर! आन् सरकार जागा हुतो, बगतो, म्हैस रवंथ करत हुबी. त्याला हसू येतं. असं हसू येतं, असं हसू येतं, की त्यातच जातो."

निशिगंधानं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. सहा वर्षं ती सरकारला डॉक्टर पुरवत होती, बर्फ पुरवत होती. एवढं सोपं तिला सुचलं नव्हतं.

तिनं फरशीवर चटई टाकली. चाचा आडवे झाले, छातीवर हात ठेवला, डोळे मिटले. लगेच उघडले.

"अशी मान चालंल?"

"चालेल. डोळे मिटा."

"माशी बसलीया नाकावर."

"मेलेल्याला माशी कळत न्हाय," चाची कोपऱ्यातनं म्हणाल्या. "तोंड मिटा. दात दिसत्यात."

"हसत मरतोय म्हणलं की मी!"

"हसत मेला तरी मेल्यावर गप पडावं माणसानं. जित्तेपणी काय ऐकलं न्हाईसा, निदान आता तरी ऐका."

पेन्सिल कागदाला टेकली आणि तिथंच राहिली. निशिगंधानं कपाळ काढायचा प्रयत्न केला, खोडलं. कान काढला, तो बरा आला. कान सोपा होता. पैलवानाचा मोडलेला कान, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा. माणूस मेला काय न् जगला काय, तो तसाच असतो. पण पापण्यांपाशी हात गेला की ती पेन्सिल उचलून घ्यायची. चटईवरची बडबड हळूहळू कमी झाली. मग थांबली. चाचांना खरीच झोप लागली होती. दुखणं लागल्यापासून त्यांना आडवं पडून झोप येत नव्हती, रात्र रात्र भिंतीला टेकून बसायचे. आज उत्तरेच्या उजेडात, ओळखीच्या दोन बायकांमध्ये, त्यांना ती सापडली.

"आता काढ," चाची हळूच म्हणाल्या. "उठवू नगंस. कवापासनं असे निजले न्हाईत."

मग तिनं काढलं. सुरकुती सुरकुतीनं काढलं. हनुवटीखालची ढिली कातडी, गळ्यातला काळा दोरा, पायाची भेगाळलेली टाच. अर्धा दिवस गेला. चाचींची कोथिंबीर निवडून झाली, पावटे निवडून झाले, मग त्या नुसत्या बसून राहिल्या. पापण्या काढल्या तेव्हा निशिगंधाचं एक टिपूस कागदावर पडलं आणि सरकारच्या गालावर डाग उमटला. तिनं तो पुसला नाही. रंग भरताना त्या जागी तिनं झाडाच्या पानांतून आलेला उन्हाचा कवडसा काढला.

"चाचा," तिनं हाक मारली.

चाचा हलले नाहीत.

"चाचा!"

चाचींनी उठून त्यांच्या तळपायाला चिमटा काढला.

"आं? काय?" त्यांनी डोळे उघडले. "मेलो का?"

"मेलात," निशिगंधा म्हणाली. "लई भारी मेलात."

पेठेत रीत होती, की अंक निघायच्या आधी तालमीची पोरं चौकात 'वावटळ'चा फलक लावत. त्या वर्षीचं चित्र ज्ञानूकडं गेलं. ज्ञानूचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवडणूक, लग्न, श्रद्धांजली, सगळं त्याच्याकडंच छापलं जायचं. चित्र बघून तो खुर्चीतच बसला. "आयला, सरकार गेला?" असं म्हणत त्यानं इतर श्रद्धांजल्यांना असतो तोच साचा घेतला. वर झेंडूचा हार, मध्ये चेहरा, खाली काळी पट्टी. 'बिबट्या सरकार यांचे दुःखद निधन. शोकाकुल, समस्त पेठ.' चेहरा मात्र त्याला चटईवरचा, डोळे मिटलेला लावावासा वाटला नाही. म्हणून त्यानं जुन्या अंकातला, भुवई चढवलेला लावला. शनिवारी फलक लागला. लोक थांबून वाचत होते, हसत होते, आणि हसून झाल्यावर थोडा वेळ तिथंच रेंगाळत होते. कुणीतरी फोटो काढला. फोटो हातोहात पुढं गेला. एका दुधाच्या गाडीवाल्याच्या फोनवरून तो सोमवारी पहाटे गडहिंग्लजला पोचला.

गडहिंग्लजला आक्का होती.

आक्का मौलाचाचांची सख्खी बहीण नव्हती. एकोणीस वर्षांचे असताना चाचा तिथल्या जत्रेत कुस्ती हरले आणि एका घराच्या मागं उकिरड्यापाशी बसून रडायला लागले. त्या घरची सून बाहेर आली, तिनं भाकरी आणि ठेचा दिला आणि म्हणाली, रडून झालं की ताट घासून ठेव. तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला चाचा गडहिंग्लजला जायचे. आक्का त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आता ऐंशी पार. तिकडच्या बोलीनं ती त्यांना धाकटा भाऊ म्हणून 'तम्मा' म्हणायची. ऑपरेशनचं तिला कुणी कळवलं नव्हतं. म्हातारीला घोर नको म्हणून.

आक्काला वाचता येत नव्हतं. पण हार घातलेला फोटो वाचायला शाळा लागत नाही. सुनेच्या फोनवर तिनं तम्माचा चेहरा बघितला, फोन खाली ठेवला, सून गोठ्यात होती तिला न सांगताच पायात चपला अडकवल्या आणि पहिली एसटी धरली. कोल्हापुरात घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दवाखान्यात नेलंय, आणि तिला तिकडच्या रिक्षात बसवून दिलं. आक्काला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

दवाखान्यात चाचा तयार होते. बिनबाह्यांचा हिरवा झगा, छाती भादरलेली, पोट उपाशी. स्ट्रेचर यायचं होतं. एका बाजूला चाची, एका बाजूला निशिगंधा. चाचांनी दोनदा विचारलं होतं, "फलक बगून कोण रडलं का गं?" आणि निशिगंधानं दोनदा खरं सांगितलं होतं, "लोक हळहळले चाचा. पण रडलं असं कोणी नाही." चाचांनी मान हलवली होती. "नुसतं हळहळून कितपत वाढतंय, काय म्हाईत," एवढंच म्हणाले. आता ते छताकडं बघत होते, आणि पहिल्यांदाच निशिगंधाला त्यांच्या तोंडावरचं वाचता आलं. त्यांना भीती वाटत होती.

तेवढ्यात जिन्याकडनं आवाज आला. आधी वाटलं, कुणी गातंय.

"तम्मा गं माझा गेला, माळ सारा सुना झाला
पाठच्या भावाईना, ऊन लागं माह्येराला..."

नर्स पळाली. "आजी, आवाज नको, पेशंट आहेत," वगैरे. आवाज थांबला नाही, तो जवळ आला.

"तांबड्या मातीमंदी, कोण घुमवील दंड
माझ्या गं मौलाबिगर, राखी दोऱ्याची झाली थंड..."

दारात आक्का उभी राहिली. पदर खांद्यावरून गळालेला, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं, एका हातात पिशवी. तिनं खाटेकडं बघितलं. खाटेवरच्या माणसानं तिच्याकडं बघितलं.

"आक्का," चाचा म्हणाले.

आक्काचा हुंदका तोंडातच अडकला. ती दोन पावलं पुढं आली, त्यांच्या गालाला हात लावून बघितला, नाकापाशी बोट धरलं. आणि मग पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर हाणली.

"मुडद्या! जित्ता हाईस व्हय!"

"आगं, आगं, ऑपरेशन हाय माझं!"

"ऑपरेशन हाय आन् हार कशाला घालून घेतलास? आं? पाटंपासनं पोटात पाणी न्हाय माझ्या! संकेश्वरापासनं रडत आलो मी! कंडक्टरनं तिकिटाचं सुदीक इचारलं न्हाय मला!" आणखी एक फटका. "कुणी केलं ह्ये? नाव सांग."

"मी केलं," निशिगंधा म्हणाली. "मी काढलं ते चित्र. ते पुस्तकातलं आहे आजी, खरं नाही."

आक्का तिच्याकडं वळली, पण बोलायच्या आत चाचांनी तिचा हात धरला.

"आक्का, खरं रडलीस?"

"मग काय खोटं?"

"संकेश्वरापासनं?"

"त्याच्या आधीपासनं. एसटीतल्या बाया माझ्यासंगं रडल्या. एक निपाणीची हुती, तिला तर तू कोण ते बी म्हाईत न्हाय, ती बी रडली."

चाचांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा सैल झाला, आणि निशिगंधाला तिथं त्या हिरव्या झग्यात एकोणीस वर्षांचा कुणीतरी दिसल्यासारखं झालं. "फातिमा," ते म्हणाले, "झालं बग काम. आता बोलव त्यांला."

स्ट्रेचर आलं. चाचांना उचलून त्यावर घेतलं. दार उघडलं, मिटलं.

बाकावर तिघी बसल्या. चाचींच्या हातात तसबीह होती, मणी सरकत होते. मधे आक्का. तिला सगळं समजावून सांगून झालं होतं. झडप, फिफ्टी-फिफ्टी, फलक, खोटी बातमी. तिनं सगळं ऐकलं आणि तरी तिचे डोळे वाहतच होते.

"आजी, आता का रडताय?" निशिगंधानं विचारलं. "आहेत की ते."

"एवढं लांबनं आणलंय," आक्का म्हणाली. "माघारी कुठं नेऊ?"

एक तास गेला, तीन गेले. चाचींनी डबा उघडला, कुणी खाल्लं नाही. निशिगंधाच्या मनात ते पान पुन्हा पुन्हा येत होतं. झाडाखाली निजलेला म्हातारा, पापण्या मिटलेल्या. तिनं काढलेल्या. दिवाळीपासून मोजायचं की दसऱ्यापासून, हे तिनं चाचांवर सोडलं होतं. पण या बाकावर मोजायला काहीच नव्हतं. तिला हुडहुडी भरली. आक्कानं न बघता आपला पदर तिच्या खांद्यावर टाकला. जुन्या लुगड्याला गोवरीचा आणि पेरूचा वास होता. तेव्हा कुठं निशिगंधाला रडू आलं. चाचांसाठी आलं, आणि त्याच्या मागं थांबलेलं दादांचंही आलं. दोघी म्हाताऱ्यांनी तिला गप्प केलं नाही.

नवव्या तासाला दार उघडलं. नर्स हातातला कागद बघत म्हणाली, "मौला जमादार यांचं घरचं कोण?"

तिघी एकदम उभ्या राहिल्या.

नर्सनं तिघींकडं बघितलं. बुरख्यातली एक, लुगड्यातली एक, आणि नाक लाल झालेली शाळेतली बाई. "झडप बसली. आत्ताच शुद्धीवर आलेत," ती म्हणाली. "बोलायचं नाही, नुसतं बघून यायचं. आणि एकीनंच."

निशिगंधानं चाचींकडं बघितलं. चाचींनी तसबीह मुठीत मिटली, डोळे क्षणभर झाकून घेतले. मग आक्काच्या पाठीवर हात ठेवून तिला दाराकडं ढकललं.

"आधी तू जा. तुझ्या डोळ्यांनी बघ. न्हायतर गडहिंग्लजात जाऊन पुन्हा रडशील."

"आन् तू?"

"मी रोज बगणार हाय," चाची म्हणाल्या.

आक्कानं दारापाशी चपला काढल्या, एकीत एक घालून भिंतीला लावल्या, पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.